एका जागी दोघी

फार जुनी गोष्ट नाही. युरिया गावात नुकताच आला होता आणि रोपं अजून माणसांशी बोलत असत. हौसाक्कानं मका टोकताना एकेका जागी दोन दाणे टाकले होते. आता ती विरळणीला आली आणि जोडीतलं एकेक रोप उपटून बांधावर फेकू लागली.

एका जोडीजवळ तिचा हात येताच त्यातल्या धाकटीची पानं थरथरली. "अक्का, थोरलीला नेऊ नकोस गं! आणि मलापण नको!"

"एका घासात दोघी जगाल होय?" हौसाक्का हसली, पण तिला काही उपटवेना. "राहा बायांनो. तुम्हाला मूठभर युरिया जास्त टाकते."

युरियानं दोघी गर्द हिरव्या झाल्या, सरसर उंच गेल्या. पण खाली मुळांची ओढाताण सुरू झाली आणि वर एकीची सावली दुसरीवर पडू लागली. शेजारच्या मक्याच्या ताटाची बहीण तेव्हाच बांधावर वाळून गेली होती. त्याला वीतभर कणीस लागलं. यांना बोटाएवढी लागली, तीही दाण्याविना.

हौसाक्का विळा घेऊन आली. "म्हशीला तरी होतील."

थोरली म्हणाली, "त्या दिवशी तू 'मला ने' म्हणाली असतीस, तर मी भरले असते."

महिनाभर धाकटीही थोरलीबद्दल हेच म्हणत होती, मनातल्या मनात.