टिकलीमासे पाळणारी दुरपता

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा झाडीपट्टीत रेल्वे आली नव्हती, आणि आमच्या बेलतुऱ्याच्या तलावात कमळं इतकी दाट असायची, की तलाव पाण्याचा आहे की पानांचा, ते नव्या माणसाला कळायचं नाही. त्या काळी तलावाच्या पाळीखाली ढिवरांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत दुरपता नावाची बाई राहायची.

सगळे ढिवर मासे धरायचे. दुरपता मासे पाळायची. एवढाच काय तो फरक, पण तेवढ्यानंच तिचं नाव झालं.

ती नवी नवरी म्हणून गावात आली, तेव्हा धानाच्या बांधीत चिखल करायला गेली होती. पाण्यात तिला बोटाच्या पेराएवढा एक मासा दिसला. त्याच्या कपाळावर चांदीची टिकली लावावी तसा ठिपका होता, आणि शेपटीला जराशी लाली. हा टिकलीमासा तिथल्या प्रत्येक बांधीत असतो. खायच्या कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. दुरपतेनं बघितलं. पदरात पाणी धरून तिनं तो मासा घरी आणला आणि मडक्यात सोडला. सासू म्हणाली, एवढ्याशा माशाचं कालवण कोणाला पुरणार? दुरपता म्हणाली, हा शिजवायचा नाही, बघायचा आहे. सासू पुष्कळ दिवस वस्तीभर हे सांगून हसत होती.

पण दुरपतेचा नवरा लटारू हसला नाही. त्यानं घरामागं तिला बोडी खणून दिली. बोडी म्हणजे लहानसं तळं. त्याच्या काठाला तिनं मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली, म्हणजे उन्हात पाणी तापत नाही. जास्त लाल शेपटीचे मासे एका मडक्यात, त्यांच्या पिल्लांतले आणखी लाल दुसऱ्यात, असं ती वर्षानुवर्षं निवडत गेली. मादी पाणवनस्पतीच्या मुळ्यांना अंडी चिकटवते, हे तिनं पाहून ठेवलं होतं. त्या मुळ्या ती वेगळ्या मडक्यात नेऊन ठेवायची, नाहीतर मोठे मासेच अंडी खाऊन टाकतात. असं करता करता एका वर्षी तिच्या बोडीत असे मासे झाले, की त्यांच्या शेपट्या पळसाच्या फुलासारख्या लाल होत्या आणि कपाळावरच्या टिकल्या भर दुपारीही चमकत होत्या. ती काठावर येऊन टाळी वाजवायची आणि सगळे मासे पाण्यावर येऊन तिच्याकडे तोंड करून थांबायचे. जत्रेतले लोक हे बघायला वाट वाकडी करून यायचे, असं म्हणतात.

मासे विकायची तिची रीतही निराळी होती. मडक्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधून ती जत्रेला जायची. जायच्या आदल्या दिवशी माशांना खाऊ घालायची नाही, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. गिऱ्हाईक आलं, की आधी विचारायची, मासा ठेवणार कशात, ठेवणार कुठं? एकदा एका मोठ्या घरच्या माणसाला अत्तराच्या शिशीत मासा हवा होता, पाहुण्यांना दाखवायला. दुरपतेनं दिला नाही. तो म्हणाला, विकायला बसलीस आणि विकत नाहीस? ती म्हणाली, “मासा विकतो जी मी. त्याचं मरण नाही विकत.” तो माणूस पुढच्या जत्रेला मोठी काचेची हंडी घेऊन आला, तेव्हा तिनं आपणहून चांगली जोडी निवडून दिली.

अशी तिची कीर्ती पलीकडच्या संस्थानात पोचली. राजाच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. वाड्याच्या चौकातल्या हौदात दुरपतेचे मासे हवेत म्हणून खुद्द दिवाण घोड्यावरून बेलतुऱ्याला आला. दुरपतेनं शब्द दिला. लग्नाआधी मासे न्यायला या, म्हणाली. ढिवरांच्या वस्तीत त्या दिवशी गूळ वाटला गेला.

चैत्र लागला. गोटेझरीचा चैतू मडावी मीठ न्यायला खाली उतरला. गोटेझरी हे डोंगरावरचं गोंडांचं गाव. चैतू दरवर्षी यायचा आणि दुरपतेच्या बोडीवर घटकाभर टेकायचा. या वेळी तो ओळखू येत नव्हता. गाल बसले होते, डोळे पिवळे पडले होते. तो म्हणाला, पाऊस संपल्यापासून डोंगरात हिवताप शिरलाय. एक घर सुटलं नाही. यंदा सणाला ढोल वाजवायला माणूस उरला नव्हता. आता उन्हानं ताप जरा थांबलाय, पण पाऊस लागला की पुन्हा येईल. मग तो तिच्या बोडीकडं बघत म्हणाला, “इथं किती बरं वाटते, माय. डाससुद्धा नाही.”

असं म्हणतात, की हे ऐकलं आणि दुरपता उठून उभीच राहिली.

कारण डास का नाहीत, ते तिला माहीत होतं. एकदा तिनं एक मडकं रिकामं ठेवलं होतं, मासे न सोडता. त्यातल्या पाण्यात वळवळणारे किडे झाले, आणि एका सकाळी ते किडे डास होऊन उडाले. हेच किडे तिचे टिकलीमासे आवडीनं खायचे. तिच्या गल्लीत डास नव्हते आणि तापही नव्हता. या दोन गोष्टी तिनं आजवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी पाहिल्या.

तिनं चैतूला विचारलं, डोंगरावर विहिरी किती, डबकी किती, झरे किती? तो आठवून आठवून सांगत गेला आणि ती बोडीकडं बघत राहिली. लटारू म्हणाला, राजाचे मासे बाजूला ठेवू, उरलेले देऊ. उरलेले पुरणार नव्हते, आणि चैत्रात बांध्या कोरड्या, तिथून नवे धरता येणार नव्हते. मग तो म्हणाला, निदान बियाण्याला एक मडकं ठेव, इतक्या वर्षांची मेहनत आहे. दुरपतेनं ते मडकं बाजूला काढून ठेवलंही. निघायच्या वेळी ती परत गेली आणि तेही उचलून आणलं.

ते तिघं निघाले. दुरपतेच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मडकी, लटारूच्या आणि चैतूच्या खांद्यावर कावडी. वाटेत एक ओढा लागायचा, तिथं पाणी बदलायचं असं ठरलं होतं. ओढ्यापाशी पोचले तर तो कोरडा. पुढं डोंगराच्या पायथ्यापर्यंत उघडा खडकाळ माळ, सावलीला झुडूप नाही. मडक्यातलं पाणी तापायला लागलं. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. त्यांच्याजवळ प्यायच्या पाण्याचा एक तुंबा होता. दुरपतेनं ते पाणी थोडं थोडं करून मडक्यांवरच्या फडक्यांवर शिंपडलं आणि थोडं थोडं आत घातलं. लटारूनं तिला एक घोट तरी पी म्हणून विनवलं. तिनं मान हलवली. मग तोही प्यायला नाही, आणि चैतूही नाही.

आता त्या माळावर जे झालं, ते डोंगरातले लोक शपथेवर सांगतात. तलावाच्या दिशेकडून बगळ्यांचा थवा आला. बगळा माशाचा काळच. पण ते बगळे झेपावले नाहीत. पंखाला पंख लावून ते तिघांच्या डोक्यावर उडत राहिले, आणि माळ संपेपर्यंत मडक्यांवर पांढरी सावली धरून राहिले, असं म्हणतात.

गोटेझरीला पोचल्यावर लोकांनी पाणी पुढं केलं. दुरपतेच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. तरी तिनं आधी मडकं विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. विहिरीचं पाणी ओंजळीनं मडक्यात घातलं, थांबली, पुन्हा घातलं. माशाला नव्या पाण्याची ओळख व्हायला वेळ लागतो. मग दोरीनं मडकं खाली सोडलं आणि अलगद कलंडवलं. मासे पाण्यात पसरले. त्यानंतर ती पाणी प्याली.

ती एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जात होती, तोवर इकडं दिवाण बेलतुऱ्याला येऊन पोचला. बोडी रिकामी बघून त्याचा चेहरा काळा पडला. त्यानं घोडा तसाच डोंगराकडं काढला आणि शेवटच्या विहिरीपाशी दुरपतेला गाठलं. तो म्हणाला, राजाला दिलेला शब्द असा मोडतात का? मासे वर काढ.

विहिरीभोवती माणसं बसली होती. कोणी घोंगडी पांघरून, कोणी पोर मांडीवर घेऊन. दुरपता हात जोडून म्हणाली, “शब्द मी मोडला, हे खरं आहे जी. त्याची शिक्षा द्या. पण काढायचे असतीन तं तुमीच काढा. माझ्या हातानं नाही होणार.”

दिवाण घोड्यावरून उतरला. ऊन डोक्यावर होतं, घसा कोरडा पडला होता. त्यानं आधी पाणी मागितलं. एका म्हातारीनं विहिरीतून पाणी काढलं आणि पितळी गडव्यात भरून त्याच्या हातात दिलं. तो गडवा तोंडाला लावणार, तर आत काहीतरी चमकलं. एक टिकलीमासा पाण्याबरोबर वर आला होता. लाल शेपटी हलवत तो गडव्यात गोल फिरत होता.

सगळे बघत राहिले. दिवाणानंही पुष्कळ वेळ गडव्यात बघितलं. मग त्यानं सभोवतीच्या पोरांकडं बघितलं. तो कठड्यापाशी गेला, वाकला आणि जवळच्या बादलीत तो गडवा हळूच ओतून बादली स्वतःच्या हातानं विहिरीत सोडली.

“राजेसाहेबांना काय सांगू?” त्यानं विचारलं.

“सांगा, दुरपता शब्दाला चुकली,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वर्षी या डोंगरात ढोल ऐकू आला, तं मासे कुठं गेले ते त्यायले समजंल.”

राजाच्या मुलीचं लग्न थाटात झालं. चौकातल्या हौदात नुसतं पाणी होतं. पाहुण्यांनी विचारलं, हौद रिकामा का? राजा म्हणाला, “आमचे मासे यंदा कामावर गेलेत.” हे सांगताना त्याची मान ताठ होती, असं म्हणतात.

त्या पावसाळ्यात डोंगरात ताप आला, पण उंबऱ्यावर येऊन परत जावा तसा आला. पुढं थंडीत तर तो दिसेनासा झाला. सणाला गोटेझरीचा ढोल वाजला. वारा त्या बाजूचा होता. दुरपता रिकाम्या बोडीच्या काठावर बसून तो ऐकत होती. लटारू सांगायचा, की त्या एका वेळी ती रडली.

बोडी रिकामीच होती. दुरपता पुन्हा बांधीत उतरली होती आणि जराशा लाल शेपटीचा मासा शोधण्यापासून तिनं सगळं नव्यानं मांडलं होतं. इतक्यात चैत्र आला, आणि एका सकाळी डोंगराच्या वाटेनं माणसांची रांग उतरताना दिसली. बाया, बाप्ये, पोरी, सगळ्यांच्या डोक्यावर मडकी. पुढं चैतू मडावी होता, गालावर मांस चढलेला. विहिरीतले मासे वाढले होते, आणि डोंगरानं तिचं बियाणं परत आणलं होतं. दुरपता पाणी घेऊन सामोरी गेली, पण कोणी पाण्याला हात लावला नाही. आधी त्यांनी बोडीच्या पाण्याशी माशांची ओळख करून दिली, ओंजळी ओंजळीनं, तिनं केली होती तशीच. मग मडकी कलंडवली. बोडी लाल झाली. त्या वर्षी राजाचा हौदही भरला, आणि दिवाण मासे न्यायला आला तेव्हा ढिवरांच्या वस्तीत जेवून गेला.

दुरपता पुष्कळ जगली. ती गेली त्या दिवशी बोडीतले सगळे मासे टाळी न वाजवताच पाण्यावर येऊन थांबले होते, असं म्हणतात.

आज बेलतुऱ्यात घरोघरी रंगीत मासे होतात. सिमेंटच्या टाक्या झाल्या, हवेचे पंप झाले, प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून मासे नागपूरला आणि रायपूरला जातात. दुकानदार फोनवर घासाघीस करतात आणि आमच्या बायाही तितक्याच तयारीनं भाव सांगतात. पण कोणी विहिरीसाठी मासा मागितला, तर त्याचा पैसा घेत नाहीत. असा पैसा घेणाऱ्याच्या टाकीत पिल्लं धरत नाहीत, असं सगळे मानतात.

आणि चैत्री पुनवेला, मग ऊन कितीही असो, बेलतुऱ्याच्या बाया डोक्यावर मडकी घेऊन डोंगराची वाट धरतात. ट्रॅक्टर जातो तिथपर्यंतही त्या चालतच जातात. वाटेत कोणी पाणी पीत नाही. गोटेझरीच्या विहिरीवर गाव वाट बघत उभं असतं. मडकं दोरीनं खाली जातं, आणि कलंडायच्या आधी तिथली सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, “कोणाचे मासे?”

“दुरपतेचे,” दोन्ही गावं म्हणतात.

मग सगळे पाणी पितात.