गेंडाप्पाच्या कार्डाची किंमत

खडकपूरच्या राजवाड्यात कार्डं इतकी झाली, की शेवटी हत्तीला घर सोडावं लागलं!

कार्डं म्हणजे चिंगमच्या पाकिटातून निघतात ती, पैलवानांच्या चित्रांची. तुंगसेन महाराजांना ती जमवायचा लहानपणापासून नाद. पन्नाशी आली तरी सुटला नाही. आधी दिवाणखाना भरला, मग शस्त्रागार, आणि आता गजशाळा. हत्ती माहुताच्या दारात बांधला गेला. त्यानं दोन दिवसांत माहुताच्या घराचं अर्धं छप्पर खाल्लं.

राणीसाहेबांनी निक्षून सांगितलं, "या घरात एक तर ही कार्डं राहतील, नाही तर मी!"

महाराजांनी विचार केला. जरा जास्तच वेळ केला. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "विकू. ऑनलाइन लिलाव लावू. पण किंमत मला आधी कळली पाहिजे! सुरुवात गेंडाप्पा पैलवानाच्या कार्डानं. त्याची किंमत कागदावर लिहून बंद लखोट्यात द्यायची. लिलाव नेमका तेवढ्यावर सुटला, तर सगळा संग्रह विकायचं काम त्या माणसाकडे. आणि एक रुपया जरी चुकला, तर त्यानं पोतंभर चिंगम चघळायचं!"

चिंगमची कमतरता नव्हती. कार्डं काढून घेतल्यावर उरलेलं चाळीस वर्षांचं चिंगम कोठारात पडून होतं. दगड परवडला, असं झालेलं!

दिवाण दाजीसाहेबांनी महाराजांना खूश करायला पाच लाख लिहिले. लिलाव सुटला चाळीस हजार एकला. दाजीसाहेब चघळायला बसले.

कार्ड घेणाऱ्यानं पैसे काही पाठवले नाहीत, म्हणून लिलाव पुन्हा लागला. राजपंडितांनी हुशारीनं चाळीस हजार एकच लिहिले. लिलाव सुटला बासष्ट हजार तीनशे एकला. पंडितही चघळायला बसले. या वेळीही पैसे आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दरबारात माहुताची बायको आली, तानूबाई. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती गावभर हिंडायची.

"महाराज, किंमत मी लिहिते."

"तू? तुला कार्डांतलं काय कळतं?"

"काही नाही. पण माझ्या डोक्यावर छप्पर उरलेलं नाही. आज भिंतीची पाळी आहे!"

दाजीसाहेब तिला सावध करायला उठले. "म्म्म! म्म्मम्म!" ते म्हणाले. दात चिकटलेले होते.

"आधी कार्ड बघू द्या," तानूबाई म्हणाली. महाराजांनी हात पुढे केला. तिनं कार्ड धरलं, ओढलं. ते येईना. महाराजांची बोटं काही सुटेनात! "असू दे, इथूनच बघते," ती म्हणाली. कार्डाचा एक कोपरा लहान मुलाच्या दातांनी कुरतडलेला होता.

"आणि मागचे दोन लिलाव कुणी जिंकले?"

कारकुनानं वही पाहिली. "दोन्ही वेळा एकच गिऱ्हाईक. नाव आहे 'मुळीच राजा नाही'."

तानूबाईनं एकवार महाराजांकडे पाहिलं. महाराज छताकडे बघत होते. तिनं कागद मागवला, एक ओळ लिहिली, लखोटा बंद केला आणि राणीसाहेबांच्या हातात दिला.

लिलाव सुरू झाला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडे धावू लागले. कुणा 'लंगोटबहाद्दर'नं पाचशे लावले. लगेच 'मुळीच राजा नाही'चे पाचशे एक! आणि सिंहासनाच्या उशीखालून आवाज आला, "टिंग!"

"उंदीर असेल," महाराज घाईनं म्हणाले.

'लंगोटबहाद्दर' तीस हजारांवर गेला. टिंग! तीस हजार एक. मग नव्वद हजार. टिंग! महाराजांच्या कपाळावर घाम आला, एक हात उशीखाली गेला तो बाहेर येईना. दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर एक लाख बारा हजार झळकले. टिंग! एक लाख बारा हजार एक. बाराचे टोल पडले. लिलाव सुटला!

"फोडा लखोटा!" महाराज गरजले. "एक लाख बारा हजार एक लिहिले असतील तरच सुटशील!"

राणीसाहेबांनी वाचलं, "दुसरं कुणी शेवटी जे बोलेल, त्याहून एक रुपया जास्त."

"ही काय किंमत झाली? आकडा कुठाय?"

"आकडा लिही असं महाराज कधी म्हणाले? किंमत लिही म्हणाले. ती लिहिली. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही!"

"पण तुला कळलं कसं?"

"ज्याला कार्ड सोडवत नाही, तो कितीही बोली चढवेल. आणि जो परवा राणीसाहेबांच्या बांगड्यांसाठी माझ्याशी अर्धा तास घासाघीस करत होता, तो एका रुपयाहून जास्त चढवणार नाही!"

दाजीसाहेबांचं चघळणं थांबलं. महाराजांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. "म्हणजे माझंच कार्ड... तिन्ही वेळा... मीच विकत घेतलं?"

"आणि पैसेही बुडवले!" राणीसाहेब म्हणाल्या.

महाराज खो खो हसत सुटले. इतके हसले, की उशी घसरली आणि मोबाईल खाली पडला. डोळे पुसत ते म्हणाले, "गेंडाप्पा माझ्याकडेच राहील. बाकी सगळी कार्डं तू विकायची. तुझ्या घराला नवं छप्पर, आणि राजवाड्याच्या दाराशी बांगड्यांचं दुकान! आणखी काय हवं ते माग!"

तानूबाईनं मोबाईल उचलला आणि बांगड्यांच्या टोपलीत ठेवला.

"शेवटचं कार्ड विकलं जाईपर्यंत हा माझ्याकडे राहील!"

"दिला!" राणीसाहेब म्हणाल्या, आणि महाराज पुन्हा पोट धरून हसू लागले.