दुसऱ्यांदा न विचारलेल्या भाताची कहाणी

ऐका अन्नपूर्णे, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका, नुसत्या माना डोलवू नका.

असंच एक आटपाट नगर. तिथं एक कासार होता. तो बांगड्या विकत सात डोंगरांपलीकडे गेला नि तिथलीच बायको करून आला. तिचं नाव तामी, सासूचं द्वारकाबाई.

मग काय झालं? तामीनं सासूला भात वाढला. "अजून वाढू?" सासू म्हणाली, "नको गं." तामीनं पातेलं आत नेलं. तिच्या मुलखात नको म्हणजे नको. इकडं सासू वाट बघत बसली, पुन्हा विचारील, आग्रह करील. कोण विचारतंय! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पोटात कावळे ओरडतायत, पण बाई तोंड उघडेल तर शपथ!

मग सासू सुनेला वाढी. तामी नको म्हणे, की ही आणखी दोन डाव घाली. तामीच्या मुलखात थोरांनी वाढलेलं टाकत नाहीत. रडत रडत गिळी. नि कासार? दोघींनाही "बरं बरं" म्हणे. जळ्ळं मेलं ते बरं बरं!

तीन महिने गेले. सासू म्हणाली, "सून मला उपाशी मारते." सून म्हणाली, "सासू मला चारून मारते." मग तामीनं गाठोडं बांधलं, कायमची माहेरी निघाली.

दारात अन्नपूर्णा म्हातारीच्या वेषानं उभी. "भूक लागलीय गं." तामीनं गाठोडं ठेवलं, भात वाढला. "अजून वाढू?" "वाढ." "अजून?" "वाढ." "अजून?" "आता पुरे." सासू ओसरीवरून पुटपुटली, "काय बाई हावरट!" म्हातारी म्हणाली, "मी मागून जेवले. तू न मागता वाळलीस, नि दोष सुनेला?" द्वारकाबाईला रडूच फुटलं.

मग म्हातारीनं वसा दिला. हवं तर हवं म्हणावं. दुसरीनं "नको" म्हटलं तर ते मानावं. सुनेनं तीनदा विचारावं, सासूची जीभ एका दिवसात वळायची नाही. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये.

मग दोघी जेवायला बसल्या. "वाढू?" "नको." "वाढू?" "नको." "वाढू, आई?" द्वारकाबाईनं पान पुढं सरकवलं. "वाढ," म्हणाली. तामीनं पोटभर वाढलं. मग स्वतःच्या पानावर हात आडवा धरला, "मला पुरे." सासूचा डाव वरच थांबला, मागं गेला. केवढं जिवावर आलं तिच्या! तामीनं उठून गाठोडं सोडलं.

जशी अन्नपूर्णा त्यांना पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. ही साठां घासांची कहाणी पांचा घासांत सुफळ झाली. आता शिरा वाढते. मी एकदाच विचारणार. नको म्हणाल तर पातेलं उचलीन, मग घरी जाऊन माझ्या नावानं बोटं मोडू नका!