भवानीचं गिऱ्हाईक

एका गावात एक बाई होती आणि तिला दोन नाद होते. एक, काळी पडलेली पितळेची भांडी चिंच लावून घासायची. दुसरा, बाजारात घासाघीस करायची. दोन्ही नाद असे पक्के, की त्यापायी चुलीवरचा भात करपला तरी तिला पत्ता नसायचा.

दर गुरुवारी गावात बाजार भरे. एका कडेला वडाखाली मोडवाले बसत. लोकांनी टाकून दिलेली, चेपलेली, गळकी भांडी पोत्यावर मांडून विकणारी ही माणसं. बाई त्यातून एखादा काळाकुट्ट तांब्या उचलायची आणि घरी नेऊन असा लखलखीत करायची, की त्यात बघून कुंकू लावावं.

एक दिवस शेजारीण म्हणाली, "अगं, शहरातली माणसं असल्या भांड्यांना वेडी झाल्यात. मोबाईलवर फोटो टाक की."

बाईनं टाकला. तांब्या दुपारच्या आत विकला गेला. मग घंगाळ गेलं, पानाचा डबा गेला, अडकित्ता गेला. बाईला जोर चढला. घरात शिलाई मशीन होतं, त्यावर संसार चालत होता. ते तिनं विकलं आणि चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल घेतला.

नवरा म्हणाला, "मशीन गेलं. आता हेही बुडालं तर खायचं काय?"

"बुडायला मी काय दगड आहे?" बाई म्हणाली. नवरा करपणारा भात उतरवायला उठला. उठणार नाही तर काय करणार!

आता बाजाराची एक जुनी रीत आहे. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवलं तर दिवस वाईट जातो, असं विकणारे मानतात. म्हणून मिळेल त्या भावात वस्तू देतात, आलेले पैसे कपाळाला लावतात आणि मग धंद्याला बसतात.

बाईनं हे बरोबर हेरलं. उजाडायच्या आत ती बाजारात हजर. एकेका मोडवाल्याचं पहिलं गिऱ्हाईक व्हायचं आणि शंभराची वस्तू वीस रुपयांना मागायची.

"वहिनी, निदान पितळेच्या वजनाचे तरी द्या," मोडवाला काकुळतीला यायचा.

"भवानीलाच परत पाठवतोस? पाठव बाबा. दिवस तुझा जाईल, माझा नाही."

तो बिचारा मुकाट्यानं वस्तू द्यायचा. बाई हसत घरी यायची आणि याला आपली हुशारी म्हणायची. दुसऱ्याच्या श्रद्धेला चिमटा काढून पैसे काढायचे, याला हुशारी म्हणतात होय?

पण मोडवाले अडाणी असले तरी खुळे नव्हते. एका गुरुवारी बाई आली, तर पहिला म्हणाला, "भवानी झाली, वहिनी."

दुसरा म्हणाला, "आमची पण झाली."

"अरे, कोंबडं अजून आरवतंय! केली कुणी?"

"ह्याची चाळणी मी घेतली, माझा चमचा ह्यानं घेतला. आता बोला, भाव काय देता?"

सगळे खो खो हसले. बाई फणकाऱ्यानं निघून गेली. त्यानंतर ती दिसली की ते दुप्पट भाव सांगायचे, नाहीतर चांगली वस्तू पोत्याखाली सरकवायचे.

नेमकी तेव्हाच मोठी मागणी आली. शहरातल्या एका लग्नघराला उंच समयांची जोडी हवी होती. हाती समई नसताना बाई "पाठवते" म्हणून बसली. मोबाईलवरच्या बाजाराचा नियम कडक. आठवड्यात माल निघाला नाही, तर तिथलं तिचं दुकान बंद. आणि मशीन तर आधीच गेलेलं. आता खरोखर चुलीचाच प्रश्न आला.

गुरुवार उजाडला. बाई सगळीकडे फिरली. जो तो म्हणे, "भवानी झाली." शेवटी टोकाला गजराक्का नावाची एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढं समयांची जोडी! काजळीनं काळी, पण सरळ आणि कमरेएवढी उंच.

बाईनं विचारलं, "आक्का, भवानी झाली?"

"न्हाई."

"का गं? बाकीच्यांनी केली की आपसात."

"खोटी भवानी कपाळाला लावायची लाज वाटती मला. तू मागशील त्या भावात द्यावं लागणार, ठाव हाय. बोल."

शेजारचा मोडवाला कुजबुजला, "आक्का बुडाली आज."

"दोनशे" हा शब्द बाईच्या ओठावर आला होता. म्हटला असता तर समया तिच्या झाल्या असत्या. पण म्हातारीनं भाव ऐकायच्या आधीच पदर पुढं धरला होता. बाईच्यानं तो शब्द उच्चारवेना. ती तिथंच मातीत बसली आणि मोबाईल काढून दाखवला.

"आक्का, ही जोडी मी सहा हजारांना देणार आहे. खोकं, टपाल, चिंच आणि माझी मेहनत यांचे हजार गेले. उरले पाच. त्यातले अर्धे तुझे."

"म्हातारीची चेष्टा करतीस व्हय?"

"इतके दिवस केली. आज नाही करत."

अडीच हजार पदरात पडले. आक्कानं ते कपाळाला लावले आणि पोतं गुंडाळायला लागली.

"अगं, बाजार आत्ता तर भरतोय. निघालीस कुठं?"

"घरी. तू पण चल. ह्याहून चांगलं सगळं घरीच ठेवलंय. तुझ्या भ्यानं बाजारात आणत नव्हते."

हे ऐकून बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. पोत्यांखालून एकेक वस्तू बाहेर यायला लागली.

"वहिनी, हे घंगाळ बघा!"

"वहिनी, आमच्याकडं पण या की!"

"येते," बाई म्हणाली, "पण भाव सरळ सांगा. घासाघीस मी सोडलेली नाही."

समया वेळेवर गेल्या. दुकान चाललं, आणि असं चाललं, की आसपासच्या गावांतले मोडवालेही चांगली वस्तू आधी तिच्या दारात आणायला लागले.

तात्पर्य, आणि हे नीट डोक्यात ठेवा: स्वस्तात घ्यावं, जरूर घ्यावं, पण देणाऱ्याची अडचण बघून त्याला लुबाडू नये. ज्याला तुमची भीती वाटते, तो आपला चांगला माल तुम्हाला कधीच दाखवत नाही.