दुसरा गेम विहीणबाईंना

नेट अडकलं म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका रोहिणीबाई शेवडे यांनी बटण पुन्हा दाबलं आणि तलवारबाजीचा एकच गेम दोनदा विकत घेतला. पैसे परत मागितले, तर कंपनीचे थोर तक्रार-अधिकारी फोनवर गरजले, "विकलेला माल आम्ही परत घेत नाही!"

"बरं. आमच्याकडे लग्नात दोन मिक्सर आले की एक पुढच्या लग्नात सरकवतात. दुसरा गेम विहीणबाईंच्या नावावर करा."

साहेब खो खो हसले. "अहो आजी, एका खात्यात एकच गेम राहतो. दुसरा मुळात नसतोच!"

"मग दुसऱ्यांदा मला काय विकलंत? सावकाश सांगा. संभाषण रेकॉर्ड होतंय, असं तुम्हीच म्हणालात."

परत न घेतल्या जाणाऱ्या मालाचे पैसे चहाला उकळी फुटायच्या आत परत आले.