येसाक्काच्या ओटीतला फौजदार

एकदा काय झालं, एका वाडीत कोंबडाच उरला नाही.

हसताय काय रे? कोंबडा नाही म्हणजे काय होतं ते आधी ऐका. गुंड्या, पाय आत घे. ठमे, तोंडातलं बोट काढ बघू. हं.

तर डोंगराच्या पायथ्याशी ती वाडी. त्या साली कोंबड्यांना अशी मर आली, अशी मर आली, की घरोघरची खुराडी ओस पडली. कोंबडे तर झाडून सगळे गेले. मग पहाटे आरवणार कोण? सगळा घोळच घोळ! कोणी भलत्याच वेळी उठून अंगण झाडायचं, कोणी उन्हं डोक्यावर आली तरी घोरत पडायचं. एका घरात भाकऱ्या थापताहेत, तर शेजारच्या घरात भांडी घासून अंथरुणं घालताहेत. आणि सूर्य? तो बिचारा डोंगराआड उभा राहायचा नि कान देऊन ऐकायचा. येऊ का नको? बोलावलं का नाही? एकदा तर नुसतं डोकं वर काढलं, इकडेतिकडे बघितलं, नि गेला परत खाली. त्याला काही कळेचना.

त्या वाडीत राहायची येसाक्का. एकटीच बाई. अंगाने चांगली थोराड, पण मनाने अगदी मऊ. तिच्या खुराड्यात तेवढ्या तीन कोंबड्या वाचल्या होत्या. एक काळी, एक कवडी, आणि एक बोडकी. बोडकी म्हणजे मानेवर पीसच नाही, अशी. बरं, या कोंबड्या अशातशा नव्हत्या. येसाक्का लग्न होऊन आली ना, तेव्हा तिच्या आईने वेताच्या डाल्यात घालून तिला कोंबड्या दिल्या होत्या. त्यांच्याच या नाती-पणत्या. आई म्हणाली होती, "येसू, दुसरं काही द्यायला नाही गं माझ्यापाशी. पण एवढं कर, हे डालं रिकामं होऊ देऊ नकोस." आता आईही नव्हती आणि माहेरच्या घराचं जोतंसुद्धा राहिलं नव्हतं. माहेरचं म्हणून उरल्या होत्या त्या या तीन कोंबड्या. त्या गेल्या की येसाक्काचं माहेर संपलं.

मग येसाक्काने काय केलं? रवण घातली. रवण म्हणजे अंडी उबवायला कोंबडीखाली ठेवायची. काळीला बसवलं, पिल्लू नाही. कवडीला बसवलं, पिल्लू नाही. बोडकीला बसवलं, तर तिनेही नुसताच वास मारणारा चिखल केला. अहो, पिल्लू येईल कुठून? कोंबडा नको का! येसाक्का कपाळाला हात लावून बसली.

मग एके दिवशी ती गेली रानात, सरपणाला. तिथे करवंदीच्या जाळीत कोणीतरी फडफडतंय. बघते तर रानकोंबडी, फासात पाय अडकलेला. येसाक्काने हलक्या हाताने फास सोडवला. मग ती रानकोंबडी माणसासारखी बोलली, बरं का! म्हणाली, "बाई, तू माझा जीव वाचवलास. माझं हे अंडं घे. यातून असा कोंबडा निघेल की कोल्ह्याची काय बिशाद, तुझ्या कोंबड्यांकडे बघेल! पण एक लक्षात ठेव. अंडं कोंबडीखालीच ठेव. डोळे उघडल्यावर त्याला पहिल्यांदा कोंबडी दिसली पाहिजे."

येसाक्काला एवढा आनंद झाला, की तिने पदर पुढे केला आणि अंडं ओटीत घेतलं. वर रानकोंबडीला वाकून नमस्कारही केला. आणि तिथेच चुकली हो! घरी आली तर एकही कोंबडी खुडूक नाही. तिघी अंगणभर उंडारताहेत, एकही बसायला तयार नाही. अंडं तर गार पडायला लागलं. आता? आणखी एक गोष्ट होती, ती तिने कोणाला सांगितली नाही. आईमागे तिची ओटी कोणी भरली नव्हती. आज रानातल्या एका पाखराने भरली होती. ती भरली ओटी रिकामी करायची तिच्या अगदी जिवावर आलं.

मग ठेवलं तिने अंडं ओटीतच. वर पदराचं टोक खोचलं. चालायची हळू, बसायची हळू, झोपायची तर एका कुशीवर. शेजारची सुभद्रा म्हणायची, "काय गं येसाक्का, डोहाळे कसले लागलेत?" येसाक्का नुसती लाजायची. आणि मग एका सकाळी ओटीत टुकटुक झालं. कवच फुटलं. एक ओलं, केविलवाणं पिल्लू बाहेर आलं. त्याने डोळे उघडले, मान वर केली आणि बघितलं थेट येसाक्काच्या तोंडाकडे.

पिल्लू वाढायला लागलं. कण्या खाल्ल्या, वाळवी खाल्ली, ताकातला भात खाल्ला. मानेवर सोनेरी पिसं आली, शेपटी काळीभोर झाली, तुरा लालभडक झाला, आणि पायांना अशा अणकुचीदार आऱ्या फुटल्या. त्याचा तो रुबाब बघून येसाक्काने नाव ठेवलं, फौजदार. पहिल्यांदा आरवला ना, तेव्हा सूर्य असा धावत वर आला की डोंगराला धडकता धडकता राहिला. वाडीतल्या माणसांच्या अंगात जीव आला. चला, सकाळ कुठली ते तरी कळलं!

पण घोळ कुठला मिटायला? नवीनच सुरू झाला.

हा फौजदार कोंबड्यांकडे ढुंकून बघेना. सारखा येसाक्काच्या मागे. ती विहिरीवर, हा विहिरीवर. ती चुलीपुढे, हा चुलीपुढे. मातीतून गांडूळ उकरून काढायचा, तिच्या पायावर आणून टाकायचा, आणि कुट् कुट् कुट् करून तिला बोलवायचा. "अरे मेल्या, मी काय करू याचं?" येसाक्का म्हणायची. तिने खाल्लं नाही की याला राग. मग एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती गोल गोल फिरायचा. येसाक्काला वाटलं, पोटात दुखतंय की काय याच्या!

बरं, तिच्याजवळ कोणाला येऊ देईल तर शपथ. सुभद्रा विरजण मागायला आली, तिच्या गुडघ्यावर धावून गेला. बांगड्या भरायला कासार आला, त्याने येसाक्काचा हात हातात धरला मात्र, हा त्याच्या पागोट्यावर! आणि देवळातला गुरव अंगारा लावायला वाकला, तर त्याचं धोतर धरून त्याला फाटकापर्यंत ओढत नेलं. मग काय, येसाक्काकडे कोणी फिरकेना. फाटकातूनच बोलायचे, तेही ओरडून. आणि कोंबड्या? त्यांच्या अंड्यांतून अजूनही काही निघत नव्हतं. निघेल कसं? कोंबडा घरात आणि कोंबड्या अंगणात. येसाक्काचं डोकं चालेनासं झालं. एवढा राखणदार पाळला, तो राखतोय तरी कोणाला?

सुभद्रा फाटकातून ओरडली, "दृष्ट लागलीय त्याला. मीठ-मोहऱ्या उतरून टाक." येसाक्काने मीठ-मोहऱ्या उतरल्या. फौजदाराने मोहऱ्या टिपून खाल्ल्या आणि आणखी मागितल्या.

मग कासार लांबूनच म्हणाला, "बांधून ठेवा त्याला, म्हणजे सुधारेल." येसाक्काने त्याला खुंटाला बांधला. त्याला वाटलं, येसाक्का हरवली. मग जो आरवायला लागला, तो थांबेचना. सकाळी आरवला, दुपारी आरवला. सूर्य डोक्यावर होता, तो गडबडला. म्हणाला, मी उगवलोच नाही वाटतं! आणि परत डोंगराआड जाऊन पुन्हा वर यायला निघाला. वाडीतली माणसं दोनदा जेवली नि दोनदा आंघोळीला गेली. शेवटी सगळ्यांनी हात जोडले, बाई, सोड त्याला.

मग गुरव म्हणाला, "रानाचं आहे ते. रानात सोडून ये."

येसाक्काला ते पटलं नाही. पण करते काय? फौजदाराला घेतलं काखेत आणि गेली रानात. त्याच करवंदीच्या जाळीपाशी त्याला खाली ठेवलं आणि मागे न बघता चालायला लागली. चार पावलं गेली, मागून टप टप टप. हा आपला मागे! तेवढ्यात फांदीवरून कोण बोललं असेल? तीच, रानकोंबडी. "काय गं बाई, सांगितलेलं ऐकलं नाहीस ना? ओटीत वाढवलास. त्याने जगात पहिल्यांदा तुला पाहिलं. त्याच्या लेखी कोंबडी म्हणजे तू. बाकीच्या तिघी कोण, त्याला ठाऊकच नाही!" एवढं बोलली आणि भुर्रकन उडून गेली.

"मी? कोंबडी?" येसाक्काने आपल्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. तिला हसावं की रडावं कळेना.

घरी येऊन बघते तर अंगणात पिसंच पिसं. मागे कोणी नाही हे बघून कोल्ह्याने डाव साधला होता. बोडकीला नेली हो त्याने. काळी जात्यामागे दडली होती, कवडी शेवग्यावर चढून थरथरत होती. येसाक्का मटकन खाली बसली. "आई गं," म्हणाली, "डालं रिकामं व्हायला आलं." आणि घळाघळा रडली. फौजदार तिच्या मांडीशी येऊन उभा राहिला, छाती काढून. तिला कोणी हात लावायचा नाही! पण त्या दोघींकडे त्याची पाठच.

तिन्हीसांज झाली. दिवे लागायची वेळ. एकदा चटक लागलेला कोल्हा, तो थोडाच गप्प बसतो? कुंपणाखालून त्याचं नाक आत आलं. मग डोळे आले. येसाक्का ओरडली, "अरे फौजदारा, तिकडे बघ! त्यांना राख!" फौजदार आपला येसाक्कालाच राखतोय. कोल्हा सरकत सरकत काळीकडे निघाला. काळीला पळायचंही सुधरेना.

आणि त्या क्षणी येसाक्काच्या डोक्यात आलं. मी कोंबडी ना? मग कोंबडीच होते!

तिने पदर खोचला, टेकले दोन्ही हात जमिनीला, आणि ही भली थोराड बाई दुडदुडत गेली की काळीपाशी! तोंडाने कुट् कुट् कुट्! ते ऐकून कवडी धाडकन खाली आली आणि येसाक्काच्या कुशीत शिरली. काळी दुसऱ्या बाजूने शिरली. मग येसाक्का दोघींना पोटाशी घेऊन खुराड्याकडे निघाली, रांगत रांगत. डोकं आत गेलं, खांदे आत गेले, आणि बाकीची येसाक्का बाहेरच अडकली!

फौजदाराने बघितलं. मान इकडून वाकडी केली, तिकडून वाकडी केली. त्याचाही आयुष्यभराचा घोळ होता ना तो! अरेच्चा, माझ्या कोंबडीच्या कुशीत या दोघी? मग या माझ्याच! मग तो कोल्हा माझ्या घरात कशाला आलाय?

आणि जी झेप घेतली म्हणता! एक आरी नाकावर, एक आरी कानावर, आणि चोच थेट शेपटीच्या बुडाशी. कोल्हा असा केकाटला की पलीकडच्या डोंगरातून परत ऐकू आला. कुंपण मोडून पळाला तो पुन्हा त्या वाडीला दिसलाच नाही.

केकाटणं ऐकून माणसं धावत आली, हातात काठ्या घेऊन. बघतात तर काय, खुराड्यातून येसाक्काचे दोन पाय बाहेर, आणि आतून आवाज, "अगं सुभद्रे, बघत काय उभी राहिलीस? ओढ मला!" सगळी वाडी पोट धरून हसली. आणि गंमत म्हणजे सुभद्रा तिला ओढत होती, तरी फौजदाराने तिला चोच मारली नाही. खुराड्याच्या दाराशी उभा राहून तो आत बघत होता. काळी आहे? आहे. कवडी आहे? आहे.

मग रवण घातली, आणि या खेपेला टुकटुक झालं. पिल्लं निघाली. पिल्लांच्या कोंबड्या झाल्या, कोंबडे झाले. त्यातल्या एकीच्या मानेवर पीसच नव्हतं, तिला बघून येसाक्काने डोळ्यांना पदर लावला. आईचं डालं काठोकाठ भरलं. मग येसाक्काने वाडीतल्या घरोघरी एकेक जोडी दिली. आणि वाडीतली मुलगी सासरी निघाली की तिलाही डालं भरून द्यायची. वर बजावायची, "पोरी, अंडं ओटीत नाही हं ठेवायचं, कोंबडीखाली ठेवायचं." सूर्य वेळेवर येऊ लागला. सगळे वेळेवर जेवू लागले. वाडीचं बरं झालं.

एवढं सगळं झालं, पण फौजदाराची एक सवय काही गेली नाही. तिन्हीसांजेला सगळ्या कोंबड्या, सगळी पिल्लं आत गेली, तरी तो दाराशी उभाच. आत येईना, डोळा मिटेना. एक कोंबडी कमी आहे ना! मग येसाक्का हातातलं काम टाकून यायची, वाकायची, खुराड्यात डोकं घालायची आणि म्हणायची, "आले रे बाबा, आले. आहेत सगळ्या." मग कुठे तो आत जाऊन बसायचा. म्हातारी होईपर्यंत, कंबर दुखायला लागली तरी, येसाक्काने एक संध्याकाळ चुकवली नाही.

चला, झाली गोष्ट. आता खुराड्यात शिरा तुम्ही पण. गोधडी वर घ्या, डोक्यावरून घ्या. गुंड्या आहे? आहे. ठमी आहे? आहे. कोण विचारतंय, आजी कुठाय म्हणून? आले रे बाबा, आले. सरका थोडं, आणि मिटा डोळे.