झाकणावरचे ठिपके

"मग कॅमेराच बिघडलाय का, सर?"

मायदेव सर प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले. पडदा काळाच होता.

समोरचं पोलादी झाकण एका साखर कारखान्यातल्या वाफेच्या टाकीचं. त्या टाकीशेजारी तिन्ही पाळ्यांत माणसं राबायची. झाकण पुन्हा बसवायचं की भंगारात काढायचं, हे इरफान शिकलगारच्या सहीवर ठरणार होतं. तीन दिवस खपून त्याने ते आरशासारखं लखलखीत केलं होतं. धातूला चकाकी आणण्याचा घराण्यातला हात होता त्याचा, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"लेसरने मापायचं म्हणून एक ओरखडा शिल्लक ठेवला नाही मी," तो म्हणाला.

सर उठले. खणातून खरखरीत एमरी पेपर काढला आणि झाकण घासू लागले.

"सर..."

सर घासत राहिले. झाकण पार मळकट झालं तेव्हाच ते थांबले.

"आता लाव लेसर."

लाल उजेड पसरला. पडद्यावर रव्यासारखे असंख्य ठिपके उमटले.

"हा तर नुसता कचरा दिसतोय."

"आरशावरून उजेड एकाच दिशेने निघून जातो, कॅमेऱ्यात येत नाही. खडबडीत पृष्ठभागावर तो असा विखुरतो. पोलाद केसाच्या शंभराव्या भागाएवढं हललं, तरी ठिपके बदलतात... फोटो घे. मग खालून हवा भर."

इरफानने एक फोटो घेतला. झाकणाखाली हवेचा थोडा दाब दिला, दुसरा घेतला. संगणकाने एकातून दुसरा वजा केला.

पाण्यात खडा पडावा तशी वर्तुळं दिसली. पोलाद सारखं फुगलं तिथे गोल, शांत. फक्त एका बोल्टापाशी ती तुटून वेडीवाकडी झाली होती.

इरफानने झाकणावरची ती जागा निरखून पाहिली. डोळ्यांना काहीच दिसेना.

"आत चीर आहे," तो हळूच म्हणाला.



इरफानने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सकाळीच लिहून ठेवलं होतं मी. दोष आढळला नाही, म्हणून. मापायच्या आधीच... फक्त सही राहिली होती."



"माझ्या हातावर इतका विश्वास होता माझा. आता मी काय करू, सर?"

सरांनी बोटांवरची काळी पूड झटकली.

"आधी दाब सोड."